घरच्या संगणकावर जुन्या ध्वनिफिती ऐकताना

आपल्या उपनगरांतील, म्हणजे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या वस्त्यांमध्ये, एके काळी जयंतीचा महिना जवळ आला की घरोघरी कॅसेटी वाजू लागत. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज, विठ्ठल उमप यांची शाहिरी, तसेच नाव कोठेही छापून न आलेल्या आपल्याच गल्लीतील गायन पार्टीचा कार्यक्रम, हे सारे त्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद असे. वामनदादा व प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली व उमप २०१० साली आपल्यातून गेले. मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर काही दिवसांतच स्वतःचे जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर' या चित्रपटात त्यांचा आवाज नोंदला गेला, म्हणूनच त्यांना कधीही न पाहिलेला विद्यार्थी आज तो ऐकू शकतो. प्रसिद्ध कलावंतांचे असे ध्वनिमुद्रण कोठे ना कोठे सापडते. परंतु आपल्या आजोबांचे भाषण किंवा आत्याने लग्नात म्हटलेले गाणे आपल्या घराबाहेर कोठेही मिळणार नाही.

अशा अनेक कॅसेटी गेल्या काही वर्षांत तरुण मुलांनी संगणकावर उतरवून घेतल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र संगणकावर उतरविलेला आवाज पुन्हा ऐकू येईलच असे नाही. "फाइल आहे, पण वाजत नाही," "वाजते, पण आवाज येत नाही," "आवाज येतो, पण चिरका येतो," या तीन तक्रारी सभासदांकडून आम्ही नेहमी ऐकतो. मग संगणक उचलून दुकानात नेला जातो. तेथे बसलेला मुलगा पाच मिनिटे बघतो आणि "फॉरमॅट मारावा लागेल" असे सांगतो. फॉरमॅट मारल्यावर आवाज सुरू होतो खरा, पण ज्या ध्वनिफितीसाठी हा सारा खटाटोप केला त्याच पुसल्या गेलेल्या असतात. आवाज येत नाही एवढ्या एका कारणासाठी हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. हे सभासदांना कळावे व विद्यार्थ्यांना घरच्या घरी दुरुस्ती करता यावी यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आवाजाचा रस्ता समजून घेऊ. डिस्कवरील फाइल प्लेअर नावाचा प्रोग्रॅम उघडतो व उलगडतो. उलगडलेला आवाज तो विंडोजकडे देतो. विंडोज तो ड्रायव्हरमार्फत साऊंड कार्डाकडे पाठविते. साऊंड कार्ड, जे आजकाल मदरबोर्डवरच असते, आकड्यांचे रूपांतर विजेच्या लहरींत करते. त्या लहरी जॅक व वायर यांमधून स्पीकरला पोहोचतात. चाळीत नळाला पाणी आले नाही तर आपण लगेच नळ बदलीत नाही, आधी शेजारी पाणी आले आहे काय ते विचारतो. शेजारी आले असेल तर दोष आपल्या नळात, नसेल तर टाकीत किंवा मुख्य पाइपात. संगणकाच्या आवाजाचे शोधकाम अगदी असेच करावयाचे असते.

आता प्लेअर कोणता बसवावा ते पाहू. १९९७ साली आलेला विनॅम्प ज्यांनी वापरला ते त्याची आठवण अजून काढतात. विंडोजबरोबर येणारा मीडिया प्लेअर साध्या एमपी३ फाइलींसाठी पुरेसा आहे. परंतु आपल्याकडील संग्रह सरमिसळ असतो. कॅसेटीवरून केलेल्या डब्ल्यूएव्ही, जुन्या मोबाइलवर टिपलेल्या एएमआर, कोणी दिलेल्या डब्ल्यूएमए, व्हीसीडीवरील डीएटी, असे सर्व प्रकार एकाच पेन ड्राइव्हवर सापडतात. म्हणून आम्ही व्हीएलसी सुचवितो. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हा प्रोग्रॅम जन्मला व २००१ सालापासून तो सर्वांसाठी खुला आहे. त्याला पैसे पडत नाहीत, त्यात जाहिराती नाहीत आणि बहुतेक सर्व प्रकारच्या फाइली उलगडण्याची सोय त्याच्या पोटातच आहे. वेगळे 'कोडेक पॅक' शोधत फिरण्याची गरज नाही, आणि अनोळखी ठिकाणाहून ते घेऊच नयेत. व्हीएलसीची तिसरी आवृत्ती विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकवरही चालते. त्यामुळे कोणी देणगी म्हणून दिलेला जुना संगणक वाचनालयात पडून असेल तर तोही कामी येऊ शकतो.

प्रोग्रॅम कोठून उतरवून घ्यावा याला फार महत्त्व आहे. शोधयंत्रात नुसते नाव टाकले की कधी कधी वर जाहिरातींचे दुवे येतात, आणि काही पानांवर 'डाउनलोड' अशी चार-पाच हिरवी बटणे असतात. त्यांपैकी चुकीचे बटण दाबले की प्लेअरबरोबर नको असलेले दोन प्रोग्रॅम आत शिरतात. म्हणून पत्ता स्वतः टाइप करावा: व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. उतरविलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर विंडोज परवानगी विचारते. त्या खिडकीत प्रकाशक म्हणून व्हिडिओलॅनचे नाव दिसले पाहिजे. 'अनोळखी प्रकाशक' असे दिसल्यास तेथेच थांबावे व ती फाइल काढून टाकावी. नाव बरोबर असेल तर भाषा निवडून पुढे पुढे जावे, मधल्या यादीत काही बदलण्याची आवश्यकता नाही. प्रथम सुरू करताना प्लेअर इंटरनेटवरून गाण्याची माहिती व चित्रे आणण्याची परवानगी मागतो. आपल्या घरगुती ध्वनिफितींची माहिती इंटरनेटवर नसतेच, तेव्हा ती खूण काढली तरी ऐकण्यात फरक पडत नाही.

प्लेअर बसविला तरी फाइलवर क्लिक केल्यावर दुसराच प्रोग्रॅम उघडतो, अशी एक तक्रार असते. हा बिघाड नव्हे. फाइलवर माऊसचे उजवे बटण दाबावे, 'ओपन विथ' मध्ये जाऊन दुसरे ॲप निवडावे, व्हीएलसीवर बोट ठेवावे आणि 'नेहमी' हा पर्याय घ्यावा. प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी हे एकदा करावे लागते.

समजा, प्लेअर सुरू आहे, वरची पट्टी पुढे सरकते आहे, सेकंद मोजले जात आहेत, पण आवाज नाही. पट्टी सरकते याचा अर्थ फाइल उघडली आहे, म्हणजे दोष बहुधा पुढच्या रस्त्यात आहे. येथे शेजारचा नळ तपासावा. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये, उदाहरणार्थ ब्राउझरमध्ये, काहीही वाजवून पाहावे. तेथे आवाज येत असेल तर संगणक, वायर व स्पीकर सर्व ठीक आहेत आणि दोष प्लेअरपुरता आहे. अशा वेळी दोन जागा पाहाव्यात. प्लेअरमधील लहान स्पीकरचे चित्र चुकून बंद झाले आहे काय, आणि विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या एकट्या प्रोग्रॅमचा आवाज शून्यावर गेला आहे काय. मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज स्वतंत्र असतो हे अनेकांना ठाऊक नसते. दोन्ही ठीक असून आवाज नसेल तर 'टूल्स' मधील 'प्रेफरन्सेस' उघडून 'रीसेट' करावे व प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करावा. यात आपल्या फाइलींना धक्का लागत नाही.

दुसरीकडेही आवाज नसेल तर मात्र मुख्य पाइप पाहावा लागेल. आपल्या घरांतून याचे सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण आम्ही मुद्दाम सांगतो. जागेच्या अडचणीमुळे अनेक घरांत टीव्हीच संगणकाचा पडदा म्हणून वापरला जातो. एचडीएमआय वायर लावली की विंडोज बऱ्याचदा आवाजही त्या वायरमधून टीव्हीकडे पाठवू लागते. टीव्हीचा आवाज बंद असेल, किंवा पडदा साधा मॉनिटर असून त्याला स्पीकरच नसेल, तर सर्व काही चालू दिसते आणि घरात शांतता असते. याउलट, मुलाने रात्री अभ्यासासाठी लावलेला ब्लूटूथ हेडफोन दप्तरात तसाच चालू राहिला तर सकाळी आवाज दप्तरात जातो! उपाय एकच आहे. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करावे, आवाज कोठे पाठवावयाचा त्याची यादी उघडावी आणि आपला स्पीकर निवडावा.

यादीत स्पीकरचे नावच नसेल तर प्रथम मागची वायर पाहावी. टेबलावरच्या संगणकाला मागे तीन रंगीत भोके असतात. हिरवे स्पीकरचे, गुलाबी माइकचे व निळे बाहेरून आवाज आत घेण्याचे. झाडलोट करताना वायर निघते आणि घाईत गुलाबी भोकात जाते, हे फार वेळा घडते. मुंबईच्या पावसाळी हवेने पिनेवर काळपटपणा धरतो. तसे असल्यास कोरड्या सुती कापडाने पिन पुसून दोन-तीन वेळा आत-बाहेर करावी. स्पीकरबद्दलच शंका असेल तर मोबाइलला लावून पाहावा, मोबाइलला जॅक नसल्यास स्पीकरच्या जागी साधा हेडफोन संगणकाला लावून पाहावा. एवढ्यात संशय कोणावर घ्यावयाचा ते ठरते.

त्यानंतर पाळी ड्रायव्हरची. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून आवाजाच्या उपकरणांच्या ओळीत पिवळे उद्गारचिन्ह आहे काय ते पाहावे. असल्यास त्या नावावर उजवे क्लिक करून ते अनइन्स्टॉल करावे व संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज बहुतेक वेळा ड्रायव्हर स्वतःच परत बसविते. तेथे 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असे साधे नाव दिसले तर घाबरू नये, तो मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे व ऐकण्यापुरता पुरेसा आहे. खास ड्रायव्हर हवाच असेल तर तो लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या पानावरून, बरोबर मॉडेल पाहून घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करा' असे सांगणारे प्रोग्रॅम आम्ही कोणालाही सुचविणार नाही.

येथपर्यंत आवाजाची गोष्ट झाली. आता फाइल उघडतच नाही त्या तक्रारीकडे वळू, कारण खरे नुकसान येथे होते. संगणकावर गाण्याची सीडी टाकली की बारा-पंधरा फाइली दिसतात, त्यांच्या नावाअखेर 'सीडीए' असते. त्या फाइली उचलून हार्ड डिस्कवर टाकल्या की क्षणात उतरतात आणि आपल्याला वाटते, काम झाले. वस्तुतः सीडीए ही फाइल अवघी ४४ बाइटची असते. तिच्यात गाणे नसते, गाणे सीडीवर कोठे सुरू होते एवढाच पत्ता असतो. सीडी आत आहे तोवर ती वाजते, सीडी काढली की मुकी. काही घरांतून सीडी "आता कशाला हवी" म्हणून रद्दीवाल्याकडे गेली आणि हाती पत्ते राहिले, घर नाही. म्हणून सभासदांनी आजच आपले फोल्डर उघडून पाहावे. फाइलीचा आकार एक केबी दिसत असेल तर तेथे आवाज नाही. सीडी अजून घरात असेल तर विंडोज मीडिया प्लेअरच्या 'रिप' या सोयीने ती नीट उतरवून घ्यावी. मात्र जुन्या आवृत्त्यांत 'कॉपी प्रोटेक्ट' अशी एक खूण असे. ती चालू ठेवून उतरविलेल्या डब्ल्यूएमए फाइली दुसऱ्या संगणकावर वाजण्यास नकार देतात, तेव्हा ती खूण असल्यास काढावी.

आकार पाहण्याची सवय आणखी एका बाबतीत उपयोगी पडते. थोडा हिशेब येथे देतो, विद्यार्थ्यांनी तो स्वतः करून पाहावा. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे एका सेकंदात ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला की सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. साठ मिनिटांच्या कॅसेटीची डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे ६३५ एमबी होते. तीच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये सुमारे ५८ एमबी भरते. आता तासाभराच्या भाषणाची एमपी३ फाइल नऊ एमबीची दिसत असेल, तर ती बहुधा कॉपी होत असताना पेन ड्राइव्ह ओढून काढला गेला आहे. अशी फाइल दहा मिनिटे वाजून थांबते. प्लेअर बदलून काही होणार नाही, मूळ प्रत ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून पुन्हा आणावी. तसेच फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून, डब्ल्यूएमएचे एमपी३ असे लिहून, फाइल बदलत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून डाळीचा तांदूळ होत नाही.

आवाज चिरका किंवा तुटक येत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. खरखर ज्या सेकंदाला आली तो सेकंद लिहून ठेवावा व तो भाग पुन्हा वाजवावा. दर वेळी त्याच जागी खरखर आली तर ती ध्वनिमुद्रणातच आहे, मूळ कॅसेटीची फीत तेथे चुरगळली असेल. दर वेळी जागा बदलली तर दोष संगणकाचा. अशा वेळी फाइल पेन ड्राइव्हवरून न वाजविता हार्ड डिस्कवर घेऊन वाजवावी, एकाच वेळी उघडलेली इतर कामे बंद करावीत, आणि विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधील 'एन्हान्समेंट्स' बंद करून पाहावीत. आवाज घाईघाईने येत असेल तर तो बिघाडच असेल असे नाही. व्हीएलसीत चौकटी कंसाच्या कळा दाबल्या गेल्या की वेग बदलतो, बरोबरच्या चिन्हाची कळ दाबली की तो पूर्ववत होतो. तरीही वेग चुकीचा वाटला तर कॅसेट उतरविताना टेपरेकॉर्डर कोणत्या वेगाने चालला होता याचा विचार करावा लागेल.

कॅसेटीवरून घेतलेल्या पुष्कळ फाइलींत आवाज एकाच कानात येतो. उतरविताना एकेरी पिनेची वायर दुहेरी भोकात घातल्याचा हा परिणाम आहे. ती फाइल टाकून देऊ नये. विंडोजच्या 'ॲक्सेसिबिलिटी' सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाचे बटण आहे, ते चालू केले की दोन्ही बाजूंना सारखा आवाज येतो. ज्या ज्येष्ठ सभासदांना एका कानाने कमी ऐकू येते त्यांच्यासाठी तर हे बटण कायम चालू ठेवण्यासारखे आहे. आमच्या मते या सबंध लेखातील सर्वांत कमी ठाऊक असलेली व सर्वांत जास्त उपयोगाची सोय हीच.

राहिला नावांचा गोंधळ. प्लेअरच्या यादीत गाण्याच्या नावाऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती अशा निरनिराळ्या फॉन्टांत मराठी टाइप होत असे. त्या फॉन्टांत अक्षर मराठी दिसे, परंतु आत साठविलेला संकेत रोमन चिन्हाचाच असे. प्लेअरला तो फॉन्ट ठाऊक नाही, म्हणून तो जे साठविले आहे ते दाखवितो. आवाज शाबूत असतो. व्हीएलसीत गाणे सुरू करून कंट्रोल व आय या कळा दाबाव्यात, माहितीची खिडकी उघडते. तेथे युनिकोडमध्ये नाव, गायक व साल टाइप करून साठवावे. डब्ल्यूएव्ही फाइलींत मात्र अशी माहिती सांभाळली जाईलच असे नाही, म्हणून तेथे फाइलीच्या नावातच 'घाटकोपर जयंती १९९४ भाग १' असे स्पष्ट लिहावे. हे काम घरातील मोठ्या माणसाला शेजारी बसवून करावे, कारण पेटी कोणी वाजविली व कोरसमध्ये कोण होते हे फाइल सांगू शकत नाही.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे "आता आमचा संगणक टाकून द्यावा काय" असे काहीजण विचारतात. प्लेअर त्यावर पूर्वीसारखाच चालतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसतील तर त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, शक्य तर त्याचे इंटरनेट काढून तो केवळ ऐकण्यासाठी ठेवावा. वाचनालयाच्या कोपऱ्यात अशा एका यंत्राची जागा निघू शकते.

आणि इतके सर्व करूनही संगणक दुकानात न्यावाच लागला, तर नेण्यापूर्वी ध्वनिफितींचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. ते कॉपी झाल्यावर डिस्क रीतसर 'इजेक्ट' करून काढावी, दुसऱ्या घरच्या संगणकाला लावावी, आणि प्रत्येक फाइलीची सुरुवात, मधला भाग व शेवटचे मिनिट वाजवून पाहावे. शेवटचे मिनिट वाजले म्हणजे फाइल अर्ध्यावर तुटलेली नाही एवढे नक्की होते. ती डिस्क घरीच ठेवावी, संगणकाबरोबर पिशवीत घालून दुकानात देऊ नये.